फ्रेडरिक फ्रोबेल : मुलाच्या शेजारी बसून कागद दुमडणारा गुरुजी



दिवाळीच्या सुट्टीआधी आपण बहुतेक सगळेच कार्यानुभवाच्या तासाला आकाशकंदील करून आणायला सांगतो. काही वर्षांपूर्वी मीही पहिलीच्या वर्गाला सांगितलं होतं. ठरलेल्या दिवशी वर्ग नुसता झगमगला. करंज्या सरळ, झिरमिळ्या एकसारख्या, कुठे फेविकॉलचा ओघळ नाही. एका मुलाला सहज विचारलं, कसा केलास रे? तर तो म्हणाला की तो झोपला होता, पप्पांनी रात्री केला. आणि हे सांगताना त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, ही त्यातली खरी गंमत. एकाच मुलीचा कंदील वाकडा होता. वर्तमानपत्राचा, कणकेच्या खळीनं चिकटवलेला, एका बाजूला कललेला. अधिकारी भेटीला येणार होते, म्हणून तो मी मागच्या रांगेत टांगला. मीच टांगला, दुसऱ्या कुणी नाही.

त्यानंतर केव्हातरी फ्रोबेल पुन्हा वाचायला घेतला. डी.एड.ला आपण सगळ्यांनी तो पाठ केलाय. किंडरगार्टनचा जनक कोण, एक गुण. बालोद्यान पद्धतीची वैशिष्ट्ये लिहा, पाच गुण. पण परीक्षेपलीकडचा हा माणूस आपल्याला फारसा माहीत नसतो. आज त्याच्याबद्दल लिहिते.

फ्रेडरिक फ्रोबेलचा जन्म 21 एप्रिल 1782 चा. जर्मनीतल्या थुरिंगियाच्या डोंगराळ, जंगलाच्या भागात ओबरवाइसबाख नावाचं गाव आहे, तिथला. वडील धर्मगुरू, आणि आसपासच्या बऱ्याच गावांचा कारभार त्यांच्याकडे, त्यामुळे घरात त्यांचा पाय ठरत नसे. फ्रेडरिक नऊ महिन्यांचा असताना आई वारली. पोर नोकरांच्या आणि मोठ्या भावंडांच्या हाती वाढलं. पुढे वडिलांनी दुसरं लग्न केलं. सुरुवातीला सावत्र आईनं त्याला जवळ केलं, पण तिला स्वतःचा मुलगा झाला आणि सगळं बदललं. जर्मन भाषेत आपल्यासारखंच जवळच्या माणसाला एकेरी हाक मारतात. तिनं ते एकेरी बोलणं सोडलं आणि परक्याशी बोलावं तसं त्याच्याशी बोलू लागली. फ्रोबेलनं हे उतारवयात नव्हे, पण चांगला मोठा झाल्यावर आठवून लिहून ठेवलंय. एवढ्याशा मुलाला व्याकरणातला हा बदल किती लागला असेल, कल्पना करा.

तो मंद आहे असंही घरात ठरून गेलं होतं. वडिलांनी त्याला मुलांच्या शाळेत न घालता गावातल्या मुलींच्या शाळेत बसवलं. घराभोवती भिंती आणि कुंपण, बाहेर जायची मोकळीक नाही. मग हा बागेत एकटाच फुलं आणि पानं निरखत बसायचा. दहाव्या वर्षी आईच्या भावानं, म्हणजे मामानं, त्याला श्टाटइल्मला आपल्या घरी नेलं तेव्हा कुठे त्याला सवंगडी, खेळ आणि थोडी मोकळी हवा मिळाली. मामा हे नातं आपल्याकडेच असतं असं थोडंच आहे!

पुढची काही वर्षं मी भरभर सांगते, कारण त्यात धरसोडच फार आहे. पंधराव्या वर्षी वनरक्षकाच्या हाताखाली उमेदवारी. मग येनाच्या विद्यापीठात शिक्षण, तिथं कर्ज फिटलं नाही म्हणून विद्यापीठाच्याच कोठडीत काही आठवडे कैद. मग जमीन मोजणी, हिशेबनीस अशा लहानमोठ्या नोकऱ्या. 1805 मध्ये वास्तुकला शिकायची म्हणून तो फ्रँकफुर्टला गेला आणि तिथल्या एका शाळेच्या प्रमुखानं त्याला शिकवायला उभं केलं. पहिल्याच दिवसांत त्याला वाटलं की आपण इतके दिवस ज्याच्या शोधात होतो ते हेच. तेव्हा तो 23 वर्षांचा होता. आपल्यातलेही कितीतरी जण असेच वाट चुकून वर्गात आले आणि मग इथलेच झाले, नाही का?

नंतर तो दोन वर्षं स्वित्झर्लंडमध्ये इव्हर्डनला पेस्टालॉझीकडे राहिला, सोबत तो शिकवत असलेली तीन मुलं घेऊन. तिथं वस्तू हातात देऊन शिकवणं त्यानं जवळून पाहिलं. पुढे बर्लिनमध्ये स्फटिकांचा अभ्यास केला, खनिजांच्या संग्रहालयात मदतनीस म्हणून काम केलं. हा भाग आपण पाठ्यपुस्तकात सोडून देतो, पण तो महत्त्वाचा आहे. दगडाच्या पोटात इतके रेखीव आकार आपोआप कसे घडतात, याचं त्याला विलक्षण आश्चर्य वाटायचं. चौकोनी ठोकळा, गोळा, घडी यांचं त्याचं वेड तिथून आलं.

1816 मध्ये त्यानं शाळा काढली ती पाच पुतण्यांना घेऊन. त्यातले तिघे ज्या भावाचे, तो साथीच्या तापात गेला होता आणि वहिनी मुलांच्या शिक्षणाच्या काळजीत होती. पुढल्या वर्षी शाळा काइलहाउ या खेड्यात आली. 1826 मध्ये माणसाच्या शिक्षणावरचं त्याचं मोठं पुस्तक छापलं गेलं. खरं सांगायचं तर ते वाचणं म्हणजे दमछाक आहे. वाक्य सुरू कुठे होतं आणि संपतं कुठे, पत्ता लागत नाही. फ्रोबेलला समजून घ्यायचं असेल तर त्याचं पुस्तक बाजूला ठेवून त्याची पेटी उघडावी.

ही पेटी आली फार उशिरा. स्वित्झर्लंडमध्ये बुर्गडॉर्फच्या अनाथालयाचं काम पाहताना त्याच्या लक्षात आलं की मूल शाळेत येतं तोवर पहिली काही वर्षं निघून गेलेली असतात आणि त्या वर्षांकडे कुणाचंच लक्ष नसतं. 1837 मध्ये बाड ब्लांकनबुर्ग या गावी येऊन त्यानं लहानग्यांसाठी खेळ आणि कृतीची संस्था सुरू केली. वय 55. आपल्याकडे या वयात सेवानिवृत्तीचे कागद जमवायला सुरुवात होते. 1840 मध्ये त्याला किंडरगार्टन हे नाव सुचलं. मुलांची बाग.

त्याच्या साहित्याचे दोन भाग. पहिला भाग तयार वस्तूंचा, ज्याला आपण उपहार म्हणून पाठ केलं. सुरुवात होते लोकरीच्या सहा मऊ चेंडूंपासून. तांबडा, पिवळा, निळा, हिरवा, नारिंगी, जांभळा. चेंडूला दोरी असते, आई तो बाळासमोर झुलवते. मग लाकडी गोळा, घन आणि दंडगोल. मग दोन इंचांचा घन, जो एकेक इंचाच्या आठ छोट्या घनांचा बनलेला. ही पेटी मुलासमोर उपडी ठेवायची, सरकतं झाकण ओढून घ्यायचं आणि पेटी हलकेच उचलायची. समोर अख्खा घन उभा! मग तो सुटा होतो. त्याची खुर्ची होते, खुर्चीचं टेबल होतं, टेबलाची पायरी होते. आधीचं पाडून टाकायचं नाही, त्यातलेच ठोकळे सरकवून नवं करायचं, आणि शेवटी सगळे परत पेटीत.

दुसरा भाग हाताच्या कामांचा, आणि आजच्या आपल्या विषयाला तोच जास्त लागू आहे. कागद दुमडणं, कातरणं, रंगीत पट्ट्या विणून चटई करणं, कागदाला सुईनं भोकं पाडून त्यातून दोरा ओवणं, मातीचे आकार करणं, मणी ओवणं. माझं सगळ्यात आवडतं म्हणजे भिजवलेले वाटाणे आणि काड्या. वाटाणा सांध्यासारखा, त्यात काड्या खोचत जायचं. घर, शिडी, पिंजरा. वाळल्यावर वाटाणा आकसतो आणि काडी घट्ट धरतो. आपल्या अंगणवाडीत, बालवाडीत पट्ट्यांची चटई विणणारं प्रत्येक पोर फ्रोबेलच्याच रांगेत बसलेलं असतं, त्याला माहीत नसलं तरी.

आता जरा थांबून बघा, या कामांत मोठ्या माणसाची जागा कुठे आहे. ती शेजारी आहे. आईचा कागद वेगळा, मुलाचा कागद वेगळा. 1844 मध्ये त्यानं आयांसाठी गाण्यांचं आणि बोटांच्या खेळांचं सचित्र पुस्तक काढलं. आपल्याकडे आजी नातवाचा तळहात धरून जे खेळते ना, तशाच जातीचे खेळ. नऊ महिन्यांचा असताना आई गमावलेला हा माणूस म्हातारपणी इतरांच्या आयांना मुलाजवळ कसं बसावं ते सांगत होता. ज्याला ते मिळालं नाही त्यानंच ते इतकं बारकाईनं लिहावं, याचं मला राहून राहून वाटतं.

लोक हसायचे. 1849 मध्ये लीबनस्टाइनला तो खेड्यातल्या पोरांबरोबर गाणी म्हणत, उड्या मारत खेळायचा, तेव्हा गावात त्याला म्हातारा खुळा म्हणत. तिथं पाणी-हवा बदलायला आलेल्या बेर्ता फॉन मारेनहोल्ट्स-ब्यूलो या बाईंनी हे पाहिलं आणि त्या थांबल्या. पुढे देशोदेशी त्याचं काम पोचवणाऱ्या याच. लहान मुलांना शिकवायला बायकांनी पुढे यावं, त्यांना त्याचं रीतसर प्रशिक्षण मिळावं, यासाठी फ्रोबेल झटला. त्या काळात याचीही टिंगल झाली.

आणि मग घाव बसला. 7 ऑगस्ट 1851 रोजी प्रशियाच्या सरकारनं किंडरगार्टनवर बंदी घातली. मुलांना नास्तिक आणि समाजवादी बनवतात असा आरोप! त्यात फ्रोबेलची आणि त्याच्या कार्ल नावाच्या पुतण्याच्या विचारांची गल्लत झाली होती. म्हाताऱ्यानं अर्ज केले, खुलासे पाठवले. काही उपयोग झाला नाही. कागदी होड्या आणि लोकरीचे चेंडू सरकारला धोक्याचे वाटावेत! 21 जून 1852 रोजी, 70 व्या वर्षी, मारिएनटाल इथं तो वारला. बंदी उठली 1860 मध्ये. ते बघायला तो नव्हता. त्याची दुसरी पत्नी लुईझं आणि त्यानं तयार केलेल्या शिक्षिका मात्र काम करत राहिल्या.

ठोकळ्यांच्या पेट्या समुद्रापार गेल्या. 1876 मध्ये फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात एका आईनं त्या पाहिल्या आणि मुलासाठी आणल्या. तो मुलगा म्हणजे पुढचा नामवंत वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट. आपल्या देशात आलेली गोष्ट मला जास्त जवळची वाटते. मद्रासच्या टी. सुंदर राव यांच्या हाती किंडरगार्टनचा घडीकामाचा संच पडला. त्यात चौकोनी रंगीत कागद होते, दोनशे. त्यावरून त्यांनी 1893 मध्ये केवळ कागदाच्या घड्यांनी भूमिती शिकवणारं इंग्रजी पुस्तक लिहिलं, जे परदेशातही नावाजलं गेलं. लहान मुलांसाठी केलेल्या खेळात गणिताच्या अभ्यासकाला भूमिती दिसली, कारण ती तिथं होतीच.

फ्रोबेलचं सगळंच घ्यावं असं मात्र नाही. त्याच्या मागून आलेल्यांनी या खेळांची कवायत करून टाकली. सगळ्यांनी एकाच वेळी तीच घडी, तोच नमुना, ठरलेला क्रम. सुईनं बारीक भोकं पाडायचं काम तर लहान डोळ्यांना ताण देणारं आहे म्हणून पुढे त्यावर टीका झाली, आणि ती बरोबरच होती. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालशिक्षण नेलं तेव्हा विकतच्या साहित्यावर न अडता शंख-शिंपले, बिया, पानं, खडे असं आसपास मिळणारं वापरलं. मला ते अधिक पटतं.

घरी काय करता येईल, असं पालक सभेत विचारतात. संध्याकाळी वीस मिनिटं. दोन कागद, एक तुमचा, एक मुलाचा. कागद आयताकार असला तर एक कोपरा तिरका दुमडून उरलेली पट्टी काढून टाका, चौरस मिळाला. मधोमध दुमडा, उघडा. अर्धं. पुन्हा दुमडा. पाव. हे शब्द बोलता बोलता सहज येऊ द्या, प्रश्न विचारत बसू नका. मग होडी, घर, किंवा चार बोटं घालून उघडझाप करतो ते कागदी तोंड. मुलाची घडी काठाला जुळणार नाही. पाच वर्षांच्या हाताची जुळत नाहीच. तुमचा हात आपोआप ती सरळ करायला पुढे जाईल. माझाही जातो. त्या वेळी मी स्वतःच्या कागदाची पुढची घडी घालते, म्हणजे हाताला काम राहतं.

वाटाण्यांसाठी सुके हिरवे वाटाणे रात्रभर भिजवा आणि पाणी निथळून थोडे कोरडे होऊ द्या, नाहीतर काडी घुसवताना फुटतात. खराट्याच्या काड्या बोटभर लांबीच्या तोडून घ्या, टोकं फार अणकुचीदार नकोत. तीन वर्षांच्या आतलं भावंड घरात असेल तर वाटाणे आणि मणी त्याच्या हाती लागू देऊ नका, नाकात घालतात.

फ्रोबेलची समाधी श्वाइना इथं आहे. त्याचा जुना सोबती मिडेनडॉर्फ यानं सुचवल्याप्रमाणे तिच्यावर घन, त्यावर दंडगोल आणि सगळ्यात वर गोळा असा दगड उभा केला आहे. तेच दुसऱ्या पेटीतलं खेळणं.

यंदा मी कंदील वर्गातच करायला घेणार आहे, आणि ज्यांना जमेल त्या पालकांना त्या तासाला बोलावणार आहे, त्यांचा कागद वेगळा. घोटीव कागद पुरला नाही तर जुन्या कॅलेंडरची पानं चालतात. जरा जाड असतात, घडी नखानं दाबावी लागते.