बालकांच्या डॉक्टरीणबाई : मारिया मॉन्टेसरी

दरवर्षीप्रमाणे यंदाही स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला. गेल्या सर्वसाधारण सभेत आपल्या मंडळाच्या बालवर्गाविषयी जी चर्चा झाली, ती ज्ञातिबांधवांच्या व भगिनींच्या स्मरणात असेलच. बालवर्गासाठी लाकडी साहित्य विकत घ्यावे, की तेवढ्याच रकमेत मुलांना वह्या-पुस्तके वाटावीत, असा तो प्रश्न होता. मुले नुसती खेळतात, रोज घरी येताना वही कोरीच असते, अशी पुष्कळ पालकांची तक्रार होती. आम्ही आयुष्यभर मराठी शाळेत मास्तरकी केली. परंतु त्या दिवशी आम्ही गप्प बसलो. का गप्प बसलो हे पुढे ओघाने येईलच. ज्या बाईंच्या नावाची पाटी आज गल्लोगल्ली बालवर्गांच्या दारावर लटकते, पण ज्यांची हकीकत फारशी कोणास ठाऊक नसते, त्यांचे चरित्र येथे सांगावे असे आम्ही योजिले आहे.

मारिया मॉन्टेसरी यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीमधील आंकोनाजवळच्या किआराव्हाल्ले या गावी झाला. त्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांत रोम शहर इटलीच्या राज्यात सामील झाले. म्हणजे एकसंध इटली व ही मुलगी ही जणू एकाच पाळण्यात वाढली. वडील सरकारी नोकर, जुन्या वळणाचे. आई रेनिल्दे ही वाचनाची आवड असलेली. १८७५ साली कुटुंब रोम येथे राहावयास आले. मुलीने फार तर शिक्षिका व्हावे, अशी त्या काळची रीत. हिने मात्र मुलांच्या तांत्रिक शाळेत नाव घातले आणि पुढे वैद्यकाचा हट्ट धरला. वडिलांचा विरोध होता, आई पाठीशी होती. पुरुष विद्यार्थ्यांच्या देखत स्त्रीने उघड्या प्रेताकडे पाहणे अशिष्ट मानले जाई. म्हणून तिला संध्याकाळी, सर्वजण निघून गेल्यावर, एकटीने शवविच्छेदन करावे लागे. १८९६ साली ती डॉक्टर झाली. इटलीतील पहिल्या काही स्त्री डॉक्टरांपैकी ती एक होय. आपल्याकडे आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेत जाऊन पदवी मिळविली, त्यास तेव्हा दहा वर्षे झाली होती.

पदवीनंतर बाई रोमच्या विद्यापीठातील मनोरुग्णांच्या चिकित्सालयात काम करू लागल्या. त्या काळी मंदबुद्धीच्या मुलांना वेड्यांच्याच इस्पितळात कोंडून ठेवीत. अशाच एका ठिकाणची गोष्ट सांगतात. जेवण झाल्यावर ती मुले जमिनीवर सांडलेल्या भाकरीच्या कणांवर झडप घालीत. राखणदारीण म्हणे की ही हावरट आहेत. बाईंनी खोलीभर नजर फिरविली. तिथे हातात धरण्यासारखी दुसरी एकही वस्तू नव्हती. मुले ते कण चिवडीत, वळीत, पुन्हा फोडीत. त्यांची भूक पोटाची नसून हातांची आहे, असे बाईंच्या ध्यानी आले.

मग त्यांनी ईतार व सेगँ या दोन फ्रेंच डॉक्टरांचे ग्रंथ धुंडाळले. मंदबुद्धीच्या मुलांना स्पर्शातून, वस्तूंतून शिकविण्याचे प्रयोग या दोघांनी पूर्वी केले होते. ते लेखन बाईंनी स्वतःच्या हाताने इटालियन भाषेत उतरवून काढले. १९०० साली रोममध्ये अशा मुलांसाठी व त्यांच्या शिक्षकांसाठी एक शाळा निघाली, तिच्या संचालनात डॉ. मॉन्तेसानो यांच्या जोडीने बाई होत्या. तेथील काही मुले लिहिण्यावाचण्याच्या सार्वजनिक परीक्षेत साधारण मुलांच्या बरोबरीने उतरली. लोकांनी वाहवा केली. बाईंना मात्र वेगळीच चिंता लागली. ही दुबळी मुले जर इतके करतात, तर धडधाकट मुलांना आपल्या शाळा खालीच का दाबून ठेवतात, हा प्रश्न त्यांना सोडीना.

येथे एक नाजूक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. डॉ. मॉन्तेसानो यांच्यापासून बाईंना १८९८ साली एक मुलगा झाला. विवाह झालेला नव्हता. मुलाचे नाव मारिओ. त्यास खेड्यातील एका कुटुंबात वाढावयास ठेवले. पुढे मॉन्तेसानो यांनी दुसरीशी लग्न केले आणि बाईंनी ती शाळा सोडली. जगातील मुलांची आई म्हणून जिची कीर्ती झाली, तिला आपल्या मुलास आपले म्हणता आले नाही. काही वाचक यावरून नाक मुरडतील. आम्ही एवढेच म्हणतो की जी शिक्षा झाली ती त्या बाईस व त्या बालकास झाली. पुरुष मोकळाच राहिला.

१९०७ सालच्या ६ जानेवारीस रोमच्या सान लोरेंझो नावाच्या मजूरवस्तीत बाईंचे खरे कार्य सुरू झाले. एका बांधकाम कंपनीने तेथील मोडक्या चाळी दुरुस्त करून भाड्याने दिल्या होत्या. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली पोरे जिन्यात धुडगूस घालीत, नव्या भिंतींवर रेघोट्या ओढीत. दर वेळी रंगसफेदी करण्यापेक्षा पोरांना एका खोलीत सांभाळणे स्वस्त पडेल, असा मालकांचा हिशेब. इतक्या क्षुल्लक कारणाने ती बालगृहाची खोली बाईंच्या ताब्यात आली. तीन ते सहा-सात वर्षांची पन्नासएक मुले होती. हाताशी शास्त्रोक्त प्रशिक्षण न घेतलेली एक शिक्षिका होती. बाईंना तेच बरे वाटले. तिला विसरावे असे काही नव्हते!

त्या खोलीत काय काय घडले ते आम्ही थोडे विस्ताराने सांगतो, कारण आमच्या पालकबंधूंचा प्रश्न तेथेच आहे. एका लाकडी ठोकळ्यात कमी-अधिक मापाची दहा भोके आणि त्यांत बसणारे दहा दट्टे. एकही चुकीच्या जागी घातला तर शेवटी एक उरतो. मास्तरांनी चूक दाखविण्याची गरजच पडत नाही. तीनएक वर्षांची एक मुलगी हे दट्टे काढून घालीत बसली होती. बाईंनी इतर मुलांना तिच्याभोवती गाणी म्हणावयास लावले. तिची खुर्ची उचलून मेजावर ठेवली. मुलीने ठोकळा मांडीवर धरला आणि काम चालूच ठेवले. चाळीसहून अधिक वेळा तिने तेच केले आणि मग झोपेतून उठावे तशी प्रसन्न मुद्रेने थांबली. त्या वयाच्या मुलाचे चित्त एका जागी ठरत नाही, असे आम्हीही ट्रेनिंगला असताना शिकलो होतो.

दुसरी हकीकत कपाटाची. साहित्य कपाटात बंद असे. शिक्षिका ते काढून वाटी. एके दिवशी ती कपाटास कुलूप लावण्यास विसरली आणि दुसऱ्या दिवशी उशिरा आली. पाहते तो मुलांनी आपापल्या आवडीची वस्तू स्वतःच काढून घेतली होती आणि जो तो कामात गढून गेला होता. तिला ही चोरी वाटली. बाईंना ती निवड वाटली. तेव्हापासून उंच कपाटे गेली व मुलांच्या हातास येतील अशा बुटक्या मांडण्या आल्या.

कपाटाची ही गोष्ट आम्ही प्रथम वाचली तेव्हा आमची सेवा संपत आली होती, आणि वाचून आम्हांस लाज वाटली. १९८७ मध्ये सुरू झालेल्या खडू-फळा योजनेत शाळाशाळांतून गणिताच्या व विज्ञानाच्या पेट्या आल्या. आमच्या शाळेतही आली. तिची नोंद डेडस्टॉक रजिस्टरात झाली आणि किल्ली आमच्याकडे. मणी हरवले, ठोकळा फुटला तर भरून कोण देणार, या धास्तीने ती पेटी आम्ही साहेबांच्या तपासणीच्या दिवशीच उघडीत असू. एरवी वर्गात हाताची घडी आणि तोंडावर बोट. चाळीस मुलांचे ऐंशी हात आम्ही वर्षानुवर्षे घडी घालून ठेवले आणि शिस्तीबद्दल शाबासकी मिळविली. आम्ही सेवानिवृत्त झालो तेव्हा पेटी नव्यासारखी होती. परवाच्या सभेत आमचे तोंड उघडले नाही त्याचे कारण हे होय.

असो. पालकांचा मुख्य प्रश्न लिहिण्याचा. सान लोरेंझोतील आया अडाणी होत्या, तरी त्यांचीही हीच मागणी होती. बाईंनी पुठ्ठ्यावर काचकागदाची खरखरीत अक्षरे कापून चिकटविली. मुले त्यांवरून दोन बोटे लिहिण्याच्या दिशेने फिरवीत आणि तोंडाने उच्चार करीत. दट्ट्याची लहानशी मूठ तीन बोटांत धरून लेखणीची पकड आधीच बसलेली असे. आकृतींच्या आत रेघा भरून मनगट स्थिर झालेले असे. सुट्या अक्षरांचे शब्द जुळवून झालेले असत. म्हणजे लेखनाची सगळी तयारी होती, फक्त लेखन नव्हते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात एके दिवशी ऊन पडले म्हणून मुले गच्चीवर होती. पाच वर्षांच्या एका मुलास बाईंनी खडू देऊन समोरचे धुराडे काढावयास सांगितले. त्याने ते फरशीवर काढले. बाईंनी कौतुक केले. मुलगा क्षणभर हसत उभा राहिला आणि एकदम आपल्याला लिहिता येते असे ओरडत पुन्हा गुडघे टेकून बसला. त्याने फरशीवर एक शब्द लिहिला. तो शब्द होता हात. मग धुराडे, मग छप्पर. त्याचे पाहून दुसरी मुले धावली, आणि पुढे काही दिवस फरशा, दारे, भिंती, जिथे तिथे अक्षरेच अक्षरे. त्यांच्या वह्या तोपर्यंत कोऱ्याच होत्या.

अंकगणिताचेही असेच. एक मणी म्हणजे एकक. तारेत ओवलेले दहा मणी म्हणजे दशक. अशा दहा तारांचा चौरस म्हणजे शतक. दहा चौरसांचा घन म्हणजे सहस्र. पाच वर्षांचे मूल हजाराचा घन दोन्ही हातांनी उचलते तेव्हा हजार म्हणजे किती, हे त्याच्या हातांना कळते. आपल्या मराठी शाळांतील काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे व चिंचोके या जातीचेच. ते काही परके नव्हेत.

१९०९ मध्ये पद्धतीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि बाई जगभर ठाऊक झाल्या. डॉक्टरी सोडली. १९१२ साली आई वारली, त्यानंतर पंधरा वर्षांचा मारिओ त्यांच्याकडे राहावयास आला. जगापुढे मात्र भाचा म्हणून. १९१५ साली अमेरिकेत सान फ्रान्सिस्को येथील प्रदर्शनात काचेच्या भिंतींचा वर्ग भरविला, तो पाहण्यास झुंबड उडे. दोषही सांगितले पाहिजेत. साहित्य ठरल्या मापाचे व ठरल्या रीतीनेच वापरावे असा त्यांचा फार कटाक्ष, म्हणून ते महाग झाले आणि श्रीमंतांच्या शाळांत गेले. मुलाच्या कल्पनेस त्यात वाव थोडा, अशी टीका अमेरिकेतील किलपॅट्रिक या विद्वानाने १९१४ मध्येच केली. मुसोलिनीचा आश्रयही त्यांनी १९२४ पासून दहा वर्षे घेतला. पुढे बिनसले आणि इटलीतील शाळा बंद पडल्या. जर्मनीत नाझींनी त्यांच्या शाळा बंद केल्या. १९३६ मध्ये स्पेनमधील यादवीमुळे तेथूनही त्यांना निघावे लागले.

१९३९ साली मद्रासजवळील अड्यार येथील थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून त्या हिंदुस्थानात आल्या. थोड्या महिन्यांसाठी आल्या होत्या. तीनशेहून अधिक शिक्षक वर्गास जमले. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरताच ब्रिटिश सरकारने या सत्तर वर्षांच्या बाईंना अड्यारच्या आवाराबाहेर जाण्यास बंदी केली आणि मारिओस पकडून कोठे ठेवले, तर आपल्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला. त्याच ३१ ऑगस्टला व्हाइसरॉयने वाढदिवसाची भेट म्हणून मारिओस सोडले. आणि तारेत त्याचा उल्लेख भाचा असा नव्हे, मुलगा असा होता. चाळीसहून अधिक वर्षे जे नाते झाकून ठेवले, ते एका परक्या सरकारच्या तारेने उघड बोलून टाकले.

युद्ध संपेपर्यंत बाई आपल्या देशात राहिल्या. कोडाईकनालच्या डोंगरातही त्यांनी वर्ग चालविले. १९४६ साली युरोपात गेल्या आणि पुढच्याच वर्षी पुन्हा इकडे आल्या. त्यांच्या येण्याच्या कितीतरी आधी, १९२० मध्ये, भावनगरास वकिली सोडलेले गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर काढले होते. ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाईंनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बोर्डीस व १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर काम मांडले. बरोबर अनुताई वाघ होत्या. विलायती ठोकळे परवडत नव्हते म्हणून शिंपले, गोटे, बिया, पाने हेच साहित्य झाले. मूल शाळेत येईना, तर शाळाच त्याच्या अंगणात नेली. आज देशभर अंगणवाडी हा शब्द चालतो, त्याचे मूळ येथे आहे. मंडळाच्या खजिनदारांनी खर्चाचा आकडा सांगून हात वर केले होते, त्यांनी एकदा कोसबाडचा हा हिशेब पाहावा. मण्यांना व चिंचोक्यांना फार पैसे पडत नाहीत; ते हरवले तरी चालतील असे मात्र आधी ठरवावे लागते.

६ मे १९५२ रोजी हॉलंडमधील नॉर्डवाइक या समुद्रकाठच्या गावी बाईंचे देहावसान झाले. वय ८१. मृत्युपत्रात मारिओचा उल्लेख त्यांनी पुत्र म्हणून केला. १९८२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने आईचेच काम चालविले. ज्या इटलीने त्यांच्या शाळा बंद केल्या होत्या, तिने १९९० साली एक हजार लिराच्या नोटेवर बाईंचे चित्र छापले. मागल्या बाजूस अभ्यास करणारी मुले. २००२ मध्ये युरो चलन येईपर्यंत ती नोट चालली. तेथील नोटांमध्ये ती सर्वांत कमी किमतीची, त्यामुळे सान लोरेंझोसारख्या वस्तीतही ती रोज हातोहाती फिरत असे.