शेवटच्या स्टेशनापर्यंत : ड्यूक एलिंग्टन

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर कलावंतावर लेख असतो. बालगंधर्व झाले, पंडित भीमसेन जोशी झाले, पु. ल. तर दोनदा झाले. यंदा मला लिहायला सांगितले तेव्हा मी ड्यूक एलिंग्टन हे नाव सुचवले. गणपतीच्या अंकात अमेरिकन जॅझ पियानोवादक कशाला, असे कुणी बोलून दाखवले नाही, पण प्रश्न चेहऱ्यांवर दिसत होता. त्याचे उत्तर शेवटी देतो.

नोकरीच्या निमित्ताने मी खरगपूरला आलो तेव्हा आमच्या क्वार्टर्सजवळ एक निवृत्त अँग्लो-इंडियन ड्रायव्हर राहत होते. सगळे त्यांना अंकल म्हणत. साठच्या दशकात रात्रीची ड्यूटी नसली की ते शॉर्टवेव्हवर व्हॉइस ऑफ अमेरिकाचा जॅझचा कार्यक्रम ऐकायचे. त्याची सुरुवातीची धून म्हणजे एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदाची ‘टेक द ए ट्रेन’. रविवारी संध्याकाळी आम्ही तीन-चार सहकारी त्यांच्याकडे चहाला जमायचो आणि जुन्या कॅसेट ऐकायचो. त्यातले मला आधी काही कळत नसे. पण अंकलनी एकदा ‘डेब्रेक एक्स्प्रेस’ ही 1933 ची रचना लावली आणि मी उठून बसलो! गाडी सुटते, वेग घेते, शिट्टी देते, शेवटी ब्रेक लागतो, सगळे नुसत्या वाद्यांवर. इंजिनाची लय इतकी नेमकी पकडणारा माणूस आपल्यातलाच वाटला.

एडवर्ड केनेडी एलिंग्टन यांचा जन्म 29 एप्रिल 1899 चा, वॉशिंग्टनमधला. वडील बटलर होते, पुढे नौदलाच्या कचेरीत ब्ल्यू-प्रिंट काढण्याच्या कामावर लागले. आई पियानो वाजवत असे. घरची शिस्त आणि नीटनेटका पोशाख यामुळे मित्रांनी लहानपणीच त्यांना ‘ड्यूक’ म्हणजे सरदार ही पदवी देऊन टाकली. चित्रकलाही चांगली होती. कला महाविद्यालयाची शिष्यवृत्ती चालून आली होती, ती सोडून त्यांनी संगीत धरले. काही काळ साइनबोर्ड रंगवून पोट भरले.

1927 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या कॉटन क्लबमध्ये त्यांचा वाद्यवृंद लागला. रेडिओवरून तिथले कार्यक्रम देशभर गेले आणि नाव झाले. पण गंमत पाहा, स्टेजवर सगळे कृष्णवर्णीय आणि समोर बसणारे गोरे. कलाकारांच्या भाऊबंदांना आत प्रवेश नाही!

दक्षिणेकडच्या राज्यांत तर त्यांना हॉटेलात खोली मिळत नसे. यावर तीसच्या दशकात तोडगा निघाला तो रेल्वेचा. मंडळी खास पुलमन डब्यांतून प्रवास करत, सामानाला वेगळा डबा. गावात पोहोचले की डबे सायडिंगला लागत आणि तेच त्यांचे घर. आपले ट्रॅकवरचे कर्मचारी कॅम्पिंग कोचमध्ये राहतात, तसेच समजा. अपमान करून घेण्यापेक्षा ऐटीत आपल्या डब्यात राहावे, हा ड्यूक यांचा बाणा. 1935 मध्ये आई गेली. त्या दुःखातून जवळजवळ 13 मिनिटांची रचना जन्मली, तीही अशाच रेल्वे प्रवासात. एका बाजूला तीन मिनिटे मावणाऱ्या तबकड्यांच्या त्या काळात तिला चार बाजू लागल्या.

मला मात्र सांगायचे आहे ते त्यांच्या उतारवयाबद्दल. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या वाद्यवृंदांचे दिवस सरले. पंधरा-सोळा वादकांचा पगार परवडेना, म्हणून अनेकांनी गाशा गुंडाळला. ड्यूक यांनी तसे केले नाही. आपल्या रचनांच्या रॉयल्टीचा पैसा ते वादकांच्या पगारात घालत राहिले. ते लिहीत ते अमुक माणसाच्या फुंकीसाठी, तमुक माणसाच्या हातासाठी. ती माणसेच गेली तर लिहिलेले ऐकायचे कुठे? हा व्यवहार तोट्याचा होता, पण त्यांना तोच फायद्याचा वाटला.

7 जुलै 1956 रोजी न्यूपोर्टच्या महोत्सवात या हट्टाचे चीज झाले. सॅक्सोफोनवादक पॉल गोन्साल्व्हिस यांनी एका रचनेत सलग 27 आवर्तने घेतली आणि श्रोते खुर्च्या सोडून नाचू लागले. पुढच्याच महिन्यात ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर ड्यूक यांचे चित्र आले. तेव्हा वय 57, म्हणजे आपल्याकडे निवृत्तीचे कागद तयार करायचे वय!

1963 मध्ये अमेरिकन सरकारच्या दौऱ्यावर ते भारतातही आले. दिल्लीत आजारी पडले, तरी दौरा पुढे चालू राहिला. बरोबर त्यांचे जिवलग सहकारी बिली स्ट्रेहॉर्न होते. ‘टेक द ए ट्रेन’ मुळात त्यांचीच. या प्रवासाच्या आठवणींतून जो संच 1966 च्या डिसेंबरात ध्वनिमुद्रित झाला, त्यात एक रचना आग्र्यावर आहे आणि एक दिल्लीच्या साळुंकीवर.

1965 मध्ये पुलित्झर पारितोषिकाच्या संगीत परीक्षकांनी त्यांच्या आयुष्यभराच्या कामासाठी खास सन्मानाची शिफारस केली, ती वरच्या मंडळाने फेटाळली. दोन परीक्षकांनी निषेध म्हणून राजीनामे दिले. 66 वर्षांच्या ड्यूक यांनी मात्र ते हसण्यावारी नेले आणि त्याच सप्टेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथेड्रलमध्ये आपली पहिली ‘सेक्रेड कॉन्सर्ट’ सादर केली. नाचगाण्याचे मानले गेलेले जॅझ त्यांनी देवापुढे नेऊन ठेवले. (तो पुलित्झर सन्मान 1999 मध्ये दिला गेला, मरणोत्तर!)

1967 च्या मे महिन्यात स्ट्रेहॉर्न कर्करोगाने गेले. त्यांच्याच रचनांचे ध्वनिमुद्रण संपवून वादक वाद्ये पेटीत भरत होते, गप्पा चालल्या होत्या आणि ड्यूक एकटेच पियानोवर मित्राची ‘लोटस ब्लॉसम’ वाजवत बसले. टेप चालू होता. मागचा आवाज हळूहळू थांबत जातो, उरतो फक्त पियानो. ही कॅसेट लागली की अंकलच्या घरात चहाचे कप तसेच गार होत.

1969 मध्ये सत्तराव्या वाढदिवशी व्हाइट हाउसमध्ये सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. लोकांना वाटले, आता विश्रांती घेतील. पण 1971 मध्ये सोव्हिएत रशियाचा दौरा झाला, 24 ऑक्टोबर 1973 रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये तिसरी ‘सेक्रेड कॉन्सर्ट’ झाली. तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग शरीरात होता. तरी 1974 च्या मार्चपर्यंत कार्यक्रम चालूच होते. उतारवयात गावोगाव त्यांना आपल्या मोटारीतून नेत ते हॅरी कार्नी, 1927 पासूनचे वादक! इस्पितळातही खाटेशेजारी पियानो होता. 24 मे 1974 रोजी वयाच्या 75 व्या वर्षी ते गेले. अंत्यविधीला न्यूयॉर्कच्या सेंट जॉन कॅथेड्रलमध्ये 12 हजारांवर माणसे लोटली. साडेचार महिन्यांनी कार्नीही गेले.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर. गेल्या वर्षी आपल्या मंडळातल्या पेटीवादक काकांना वयामुळे त्रास नको म्हणून आपण शाल-श्रीफळ दिले आणि आरती मोबाइलवरून स्पीकरला जोडली. हेतू चांगलाच होता, मीही टाळ्या वाजवल्या. पण काका मागच्या रांगेत बसले होते आणि त्यांची बोटे मांडीवर चालत होती. मला ‘लोटस ब्लॉसम’ आठवली.

अंकल आता नाहीत. त्यांच्या कॅसेट माझ्याकडे आहेत, ज्यांना ऐकायच्या असतील त्यांनी रविवारी चहाला जरूर यावे. आणि मंडळाला एक विनंती : यंदा पेटी पुन्हा मांडवात आणू या. सूर थोडा हलला तरी चालेल. काकांना घरून आणण्याची आणि पोहोचवण्याची जबाबदारी माझ्या स्कूटरची!

गणपती बाप्पा मोरया!