तांब्यापुढे झुकलेला रचनाकार

स्वातंत्र्य मिळून जेमतेम दहा वर्षे झाली होती. धरणांच्या आणि पोलाद कारखान्यांच्या योजना आखल्या जात होत्या आणि त्याच वेळी बाजारात हलक्या प्रतीच्या, ओबडधोबड वस्तूंचा शिरकाव होऊ लागला होता. भांडीकुंडी, कापड आणि अवजारे पिढ्यान्‌पिढ्या घडवणारे हात मागे पडत होते. यंत्रावर निघणाऱ्या मालाला मात्र स्वतःचा घाट अजून सापडलेला नव्हता. या घसरणीवर उपाय सुचवावा, म्हणून भारत सरकारने फोर्ड फाउंडेशनच्या साह्याने एका अमेरिकी दांपत्याला पाचारण केले. चार्ल्स आणि रे ईम्स हे ते दांपत्य. खुर्च्यांसाठी जगभर नाव झालेल्या चार्ल्स ईम्स यांनी देशभर हिंडून असंख्य वस्तू न्याहाळल्या. त्या सर्वांत त्यांच्या मनात भरला तो एक साधा लोटा, म्हणजेच आपल्याकडचा तांब्या.

पाहुण्याने यजमानाची केलेली ती तोंडदेखली स्तुती नव्हती. रोजच्या वापरातील वस्तू चांगली कशाने होते, या प्रश्नाशी ईम्स त्याआधी जवळजवळ दोन दशके झुंजले होते.

त्यांचा जन्म १७ जून १९०७ रोजी अमेरिकेतील सेंट लुईस शहरी झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपल्याने शाळकरी वयातच त्यांना पोलादाच्या कारखान्यात काम करावे लागले. पुढे त्यांनी वास्तुकलेच्या शिक्षणासाठी तेथील विद्यापीठात प्रवेश घेतला. परंतु पदवी न घेताच ते बाहेर पडले. महामंदीच्या काळात घरे बांधून घेणारी गिऱ्हाइके दुर्मिळ झाली होती. अखेर १९३८ साली ते मिशिगन राज्यातील क्रॅनब्रुक कला अकादमीत दाखल झाले. वास्तुरचनाकार एलिएल सारिनेन यांचे मार्गदर्शन आणि त्यांचे पुत्र एरो यांचे सख्य त्यांना तेथेच लाभले.

१९४० मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने घरगुती फर्निचरची स्पर्धा जाहीर केली. ईम्स आणि एरो सारिनेन यांनी प्लायवूडच्या एकाच सलग कवचातून बैठक आणि पाठ साकारणारी खुर्ची योजली. शरीराच्या वळणांनुसार लाकडालाच वळण द्यावे, म्हणजे जाड गाद्यांची गरज उरणार नाही आणि किंमतही आवाक्यात राहील, असा तो विचार होता. खुर्चीला पहिले पारितोषिक मिळाले. मात्र प्रत्यक्ष उत्पादनाची वेळ आली तेव्हा एकाच वेळी दोन दिशांनी वाकवलेले प्लायवूड तडकू लागले. तडे झाकण्यासाठी वरून गादी आणि कापड चढवावे लागले, खर्च वाढला आणि स्वस्त खुर्चीची कल्पना बाजूला पडली. कागदावर जिंकलेली खुर्ची कारखान्यात हरली. जी वस्तू ठरलेल्या किमतीत घडवता येत नाही, तिची रचना अपुरीच राहिलेली असते, हा धडा ईम्स यांना आयुष्यभर पुरला.

त्या स्पर्धेच्या आराखड्यांना हातभार लावणाऱ्यांत रे कायझर ही चित्रकार तरुणीही होती. १९४१ साली दोघे विवाहबद्ध झाले आणि लॉस एंजेलिसला येऊन राहिले. दिवसा चार्ल्स चित्रपटसृष्टीत नेपथ्याचे काम करत. उरलेल्या वेळात राहत्या घराच्या खोलीत दोघे मिळून प्लायवूड वाकवण्याचे प्रयोग करत. विजेच्या तारांनी तापवायचा साचा आणि दाब देण्यासाठी सायकलचा पंप, असे ते घरगुती यंत्र होते.

या खटाटोपाचे पहिले फळ खुर्ची नव्हती. युद्धात पाय मोडलेल्या सैनिकांना धातूच्या आधारपट्ट्या बांधत. नेताना त्या हादरत आणि जखम अधिकच चिघळे. ईम्स दांपत्याने प्लायवूडची हलकी आधारपट्टी तयार केली. तिचा साचा चार्ल्स यांच्या स्वतःच्या पायावरून घेतला होता. अमेरिकी नौदलासाठी अशा सुमारे दीड लाख पट्ट्या बनल्या. पट्टीत जागोजाग ठेवलेली छिद्रे पाहणाऱ्याला नक्षीसारखी वाटत. वास्तविक ती लाकडावरील ताण कमी करत आणि बांधण्याचे बंद ओवण्यासही उपयोगी पडत.

युद्ध संपताच खुर्चीचा प्रश्न पुन्हा हाती घेण्यात आला. सलग कवचाचा हट्ट सोडून बैठक आणि पाठ हे दोन वेगळे तुकडे करण्यात आले, मध्ये जोडणारा कणा ठेवला आणि सांध्यात रबराच्या चकत्या बसवल्या. बसणारा मागे रेलला की पाठ किंचित लवते. तडकणाऱ्या लाकडाची मर्यादा मान्य केली आणि त्यातूनच खुर्चीला तिचे रूप मिळाले. १९४६ मध्ये आधुनिक कला संग्रहालयाने या फर्निचरचे प्रदर्शन भरवले. त्याच्या शीर्षकात मात्र एकट्या चार्ल्स ईम्स यांचे नाव होते. रंग, आकार आणि बारकाव्यांची जाण असलेल्या रे यांचा वाटा जगाने मान्य करायला पुढे अनेक वर्षे जावी लागली.

त्यानंतरचा ध्यास होता खरोखरच स्वस्त खुर्चीचा. धातूचा पत्रा साच्यात दाबून ती करण्याचा प्रयत्न झाला. तो महाग ठरला. मग युद्धकाळात रडारच्या घुमटांसाठी वापरलेले फायबरग्लास त्यांनी हाती घेतले आणि १९५० साली हर्मन मिलर कंपनीने त्या खुर्च्या बाजारात आणल्या. सलग कवचाची दहा वर्षांपूर्वीची कल्पना अशा रीतीने अखेर दुसऱ्या पदार्थात साध्य झाली. एकाच कवचाला निरनिराळे पाय लावून ती जेवणाच्या टेबलापाशी, कचेरीत किंवा झुलती म्हणून वापरता येई. १९५६ मध्ये आलेली कातडी गाद्यांची आरामखुर्ची मात्र श्रीमंतांच्या दिवाणखान्यातच शोभली. अल्प किमतीत अधिकाधिक लोकांना उत्तम वस्तू द्यावी, असे म्हणणाऱ्या माणसाची सर्वांत प्रसिद्ध कृती सामान्यांच्या आवाक्याबाहेर राहिली, हा विरोधाभास त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही.

हे सारे पाठीशी घेऊन ईम्स भारतात आले होते. एप्रिल १९५८ च्या त्यांच्या अहवालाच्या प्रारंभी निष्काम कर्माविषयीचे गीतावचन आहे आणि त्याच्या केंद्रस्थानी लोटा आहे. लोटा कोणा एकाने योजलेला नाही, अनेक पिढ्यांच्या अनेक हातांनी त्यात थोडी भर घातली, थोडे कमी केले, हे त्यांनी ओळखले. मग त्यांनी स्वतःलाच विचारले, की तोच आज नव्याने घडवायचा झाला तर कशाकशाचा विचार करावा लागेल? किती पाणी मावावे, कोणाच्या हातात ते राहणार, डोक्यावरून न्यायचे की कमरेवरून, भरलेला आणि रिकामा असताना तोल कसा राहील, धार कशी पडेल, आत हात घालून घासता येईल इतके तोंड रुंद आहे का, उष्णता किती लागेल, दुसऱ्या भांड्यावर आपटला तर नाद कसा उमटेल, डोळे मिटून हाताळताना कसे वाटेल, आतील पदार्थावर धातूचा काय परिणाम होईल आणि शेवटी तो मोडीत काढला तर किती किंमत येईल.

मराठी घरातील जुन्या गृहिणीला यातले बहुतेक प्रश्न अपरिचित नव्हते. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते, हे तिला ठाऊक होते. भांडे घेताना ती ते वाजवून, हातात तोलून पाही आणि पोचे आलेले भांडे मोडीत घालून नवे घेई. ईम्स यांनी या घरगुती शहाणपणाला रचनाशास्त्राचा दर्जा दिला. परंपरेची नक्कल करावी, असे मात्र त्यांचे म्हणणे नव्हते. लोटा घडायला शतके मिळाली. यंत्रयुगातील वस्तूला तेवढा अवधी मिळणार नाही. म्हणून जे काम काळाने केले, ते आता प्रशिक्षित माणसांनी जाणीवपूर्वक करावे आणि त्यासाठी संस्था उभारावी, अशी त्यांची शिफारस होती. त्यातून १९६१ साली अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. गौतम आणि गिरा साराभाई या भावंडांनी तिला आकार दिला. १९६९ मध्ये मुंबईच्या आयआयटीतही औद्योगिक डिझाइन केंद्र सुरू झाले.

पंडित नेहरूंच्या निधनानंतर त्यांच्या जीवनावरील प्रदर्शन ईम्स दांपत्याने याच अहमदाबादच्या संस्थेसह सिद्ध केले. जानेवारी १९६५ मध्ये ते न्यूयॉर्कला भरले. पुढची वर्षे प्रामुख्याने प्रदर्शने आणि लघुपट यांत गेली. २१ ऑगस्ट १९७८ रोजी चार्ल्स ईम्स यांचे जन्मगावी, सेंट लुईस येथे निधन झाले. रे यांनी त्यानंतर दहा वर्षांनी, नेमक्या त्याच तारखेला जगाचा निरोप घेतला.

फायबरग्लासच्या त्या खुर्चीचे जुन्या पद्धतीचे उत्पादन पुढे पर्यावरणाच्या कारणास्तव थांबवावे लागले. मोडीचा जो प्रश्न ईम्स यांनी लोट्याला विचारला होता, त्यात त्यांची स्वतःची खुर्चीच कमी पडली. पितळ वितळवून त्याचा पुन्हा तांब्या होतो. फायबरग्लासला तसा पुनर्जन्म सहजी मिळत नाही. आज प्लास्टिकच्या बाटल्या आणि बादल्यांनी भरलेल्या घरांत हा प्रश्न अधिकच टोचणारा आहे.

रचनाकाराने चांगल्या यजमानासारखे असावे, पाहुण्याला काय लागेल हे त्याने मागण्याआधीच ओळखावे, अशी ईम्स यांची धारणा होती. उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे काही विचारण्याआधी तांब्या-भांडे ठेवण्याची रीत असलेल्या घरांना ती निराळी समजावून सांगावी लागत नाही.