हर्मन होलेरिथ : कापलेला कोपरा आणि घंटी

संगणकाच्या तासाला मुलांची एक चूक हमखास होते. फाइल फक्त लिहिण्यासाठी उघडतात आणि पुढच्याच ओळीत ती वाचायला सांगतात. मग प्रोग्राम अडतो. खरं तर पायथनमध्ये हे आधी विचारता येतं. 'रीडेबल' ही सूचना दिली की हा डेटाचा प्रवाह वाचता येईल की नाही, एवढंच उत्तर मिळतं. हे शिकवताना मी मुलांना होलेरिथ यांच्याबद्दल सांगते.

हर्मन होलेरिथ यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८६० रोजी अमेरिकेतील बफेलो येथे झाला. शाळेत स्पेलिंगशी त्यांचं कधी जमलंच नाही. शेवटी शाळा सुटली आणि घरी शिकवणी लावावी लागली. (आपल्या वर्गातली लाल शाईने भरलेली शुद्धलेखनाची वही आठवली ना?) तोच मुलगा १८७९ मध्ये कोलंबियातून पदवीधर झाला आणि १८८० च्या जनगणनेच्या कामावर लागला. तिथे सगळी मोजणी हाताने चाले. आकडे जुळवण्यात वर्षं जात. तिथले अधिकारी जॉन शॉ बिलिंग्ज यांनी सुचवलं, की या कामाला यंत्र हवं. रेल्वेचा कंडक्टर तिकिटाला भोकं पाडून प्रवाशाचं वर्णन नोंदवतो, हे होलेरिथ यांनी पाहिलं होतं. ते उपयोगी पडलं.

त्यांनी प्रत्येक माणसासाठी एक कार्ड केलं. वय, व्यवसाय, स्त्री की पुरुष, हे भोकाच्या जागेवरून कळायचं. यंत्राचा दांडा खाली दाबला की पिना कार्डावर टेकत. जिथे भोक, तिथली पिन खालच्या पाऱ्यात बुडे, वीज वाहे आणि तबकडीचा काटा एक घर पुढे सरके.

पण कार्ड उलटं बसलं तर? म्हणून कार्डाचा एक कोपरा कापलेला असे. गठ्ठ्यात एखादं उलटं असलं तर नुसत्या नजरेला दिसायचं. शिवाय कार्ड नीट वाचलं गेलं की घंटी वाजे. वाजली नाही तर कार्ड बाजूला काढून तपासायचं. 'रीडेबल' म्हणजे तो कोपरा बघा, वाचण्याआधीची तपासणी. घंटी वाजायची ती वाचून झाल्यावर. मुलं इथेच गोंधळतात, म्हणून मी पुठ्ठ्याचं कार्ड कापूनच दाखवते.

१८९० च्या जनगणनेत सहा कोटींहून जास्त लोकांची माहिती या यंत्रांनी मोजली. १८९६ मध्ये होलेरिथ यांनी स्वतःची कंपनी काढली. ती १९११ मध्ये इतर कंपन्यांत विलीन झाली आणि १९२४ पासून तिचं नाव आयबीएम झालं. १७ नोव्हेंबर १९२९ रोजी वॉशिंग्टनमध्ये ते वारले. त्यानंतरही कितीतरी वर्षं आयबीएमची कार्डं एक कोपरा कापूनच येत होती.