चार्ली चॅपलिनची भावाला पत्रे

चार्ली चॅपलिन हे नाव ऐकले नाही असे घर विरळाच. ती ढगळ विजार, तोकडा कोट, ओठावरची चिमूटभर मिशी आणि हातातली छडी दिसली की लहान पोरही हसू लागते. पण भगिनींनो, साऱ्या जगाला हसविणाऱ्या या माणसाला लहानपणी साधे पत्र लिहायची लाज वाटे, हे वाचनात आले आणि तो मला एकदम आपल्यातला वाटू लागला.

चार्लीचा जन्म १८८९ सालचा, लंडनचा. आई हॅना रंगभूमीवर गात असे. वडीलही गायक, पण ते वेगळे राहत आणि दारूपायी १९०१ साली वारले. आईचा आवाज गेला तेव्हा शिवणकाम करून तिने चार्ली व त्याच्याहून चार वर्षांनी मोठा सिडनी या दोघांना पोसले. तेही पुरेना. १८९६ साली त्या तिघांना गरिबांच्या सरकारी आश्रयगृहात जावे लागले. पुढे आईचे मन बिघडले. १९०३ साली सिडनी बोटीवर नोकरीला असताना चौदा वर्षांच्या चार्लीने एकट्याने तिला हाताला धरून दवाखान्यात नेले. तेथून तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवले.

त्याच वर्षी चार्लीला शेरलॉक होम्सच्या नाटकात पोऱ्याचे काम मिळाले. नाटक मंडळी गावोगाव हिंडे. सिडनी लंडनहून पत्रे धाडी, पण चार्लीचे उत्तर क्वचितच जाई. शाळा धड झालेली नव्हती, शब्द लिहिताना चुकत. अखेर सिडनीने कळवळून लिहिले की आई अशी आजारी, आता जगात आपण दोघेच एकमेकांचे, तेव्हा नियमाने पत्र पाठवीत जा. चार्लीला ते फार लागले. त्याने लगेच उत्तर लिहिले.

माझे स्वतःचे शिक्षण सातवीपर्यंत. लग्नानंतर माहेरी पत्र लिहायचे म्हटले की ऱ्हस्वदीर्घाच्या भीतीने कोरे कार्ड फडताळात तसेच पडून राही. आईला वेलांट्या मोजायच्या नसतात, खुशाली हवी असते, हे मला उशिरा उमगले.

पुढे सिडनीच्या खटपटीने चार्ली १९०८ साली कार्नोच्या विनोदी नाटक मंडळीत शिरला व त्यांच्याबरोबर अमेरिकेत गेला. १९१३ च्या ऑगस्टमध्ये कॅनडातील विनिपेगहून त्याने सिडनीला एक लांबलचक पत्र लिहिले. कीस्टोन या चित्रपट कंपनीत आपण जाणार, पहिले तीन महिने आठवड्यास १५० डॉलर व मग १७५, असे त्यात आहे. कंपनीशी पत्राने घासाघीस करताना शब्दकोश उघडून बसलो, हेही त्याने मोकळेपणी सांगितले आहे. भावाच्या पत्रात मात्र शब्दांच्या चुका जागोजाग आहेत! तेथे त्याला लाज वाटली नाही. पाच वर्षे असे काम करून पैसा साठवला की जन्माची ददात मिटेल, हा त्याचा हिशेब. ही गोष्ट कोणाला सांगू नकोस, अशी तंबीही दिली आहे. आणि शेवटी आईची चौकशी. तिला इकडे आणता आले तर किती बरे होईल, असे तो लिहितो.

पुढची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. १९१४ साली त्याची चित्रे झळकली आणि वर्षभरात नाव गाजले. सिडनीही त्याच कंपनीत आला. १९१६ साली चार्लीला आठवड्यास १०,००० डॉलर मिळू लागले.

पत्रातली आईची इच्छा मात्र पुरी व्हायला आठ वर्षे लागली. १९२१ साली दोघा भावांनी तिला कॅलिफोर्नियात आणले आणि समुद्राजवळ घर करून दिले. तिचे मन पूर्ण बरे कधी झाले नाही, पण १९२८ साली तिने डोळे मिटले ते कॅलिफोर्नियातच.

चार्ली १९७७ साली नाताळच्या दिवशी वारला. त्याचे चित्र पाहताना हसू येतेच. पण मला आता ते चुकांनी भरलेले पत्रही आठवते. घर मोडले होते, तरी दोघा भावांनी ते कागदावर धरून ठेवले.