कर्मवीर भाऊराव पाटील

तुमचे शिक्षक रोज वर्गात येतात, फळ्यावर लिहितात, तुमच्या वह्या तपासतात. त्यांचा पगार कोठून येतो, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का?

रायगड जिल्ह्यात पेणहून नागोठण्याकडे जाताना रस्त्यावर गडब नावाचे गाव लागते. आजूबाजूला भाताची शेते आणि पलीकडे खाडी. अशा गावात शाळा काढायची झाली, तर गावकरी जागा देतील, भिंत बांधायला हातभारही लावतील. पण दर महिन्याला शिक्षकाचा पगार देणे गावाला झेपत नाही. म्हणून सरकार शाळेला पैशांची मदत करते. या मदतीला मराठीत अनुदान म्हणतात. तुम्ही उर्दूत तिला इमदाद म्हणता. ज्या मुलांना डोळ्यांनी दिसत नाही, कानांनी ऐकू येत नाही, त्यांच्या कितीतरी शाळाही या अनुदानावर चालतात. तिथे एका शिक्षकाकडे थोडीच मुले असतात, म्हणून खर्च जास्त येतो.

ज्या मुलांना कोणी शाळेत घेत नव्हते, त्यांच्यासाठी एका माणसाने शेकडो शाळा काढल्या. एकदा त्याच्या शाळांचे अनुदान बंद झाले, तरी तो डगमगला नाही. तो माणूस म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळच्या कुंभोज या गावी एका जैन कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरला एका वसतिगृहात राहत होते. अस्पृश्य समजल्या जाणाऱ्या मुलांसाठी तेथे एक वसतिगृह सुरू झाले. त्याच्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर त्यांना आंघोळ करून शुद्ध होण्यास सांगितले गेले. त्यांनी नकार दिला आणि वसतिगृह सोडावे लागले. राजर्षी शाहू महाराजांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. शाळेचे शिक्षण मात्र मॅट्रिकपर्यंतही पूर्ण झाले नाही. गंमत पाहा, पुढे याच माणसाने महाविद्यालये काढली!

तरुणपणी त्यांनी शिकवण्या घेतल्या. नंतर किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्याचे काम केले. त्यासाठी ते गावोगाव हिंडले. शेतकऱ्यांची मुले गुरे राखताना त्यांनी पाहिली. गावात शाळा नाही, आणि शहरात शिकायला पाठवावे तर राहायला जागा नाही. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. रयत हा शब्द तुम्हांला समजावून सांगायला नको, तो तुमच्या भाषेतलाच आहे.

१९२४ साली संस्था साताऱ्याला आली आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. मराठा, महार, जैन, मुसलमान, ब्राह्मण अशी सगळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहू लागली. ती एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीत जेवत. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. अनेक पालकांना आणि गावकऱ्यांना ते आवडत नसे. १९२७ साली महात्मा गांधी वसतिगृह पाहायला आले. मुलांना एका पंगतीत बसलेले पाहून त्यांना फार आनंद झाला. त्यांच्याच हस्ते वसतिगृहाला शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

पण मुलांच्या पोटाला रोज भाकरी लागते. ती कोठून आणायची? मुले शेतात राबत, भाजीपाला पिकवत. भाऊराव गावोगाव फिरून धान्य आणि पैसे गोळा करीत. ते बाहेरगावी असले की वसतिगृहाचा सगळा भार त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्यावर पडे. श्रीमंत घरात वाढलेली ही बाई त्या मुलांची आई झाली. एकेक करून तिचे दागिने मुलांच्या जेवणासाठी गेले. एकदा कोठीत धान्याचा दाणा उरला नाही आणि भाऊराव गावात नव्हते. तेव्हा लक्ष्मीबाईंनी गळ्यातील मंगळसूत्रही मोडले. हिंदू स्त्रीला मंगळसूत्र किती प्रिय असते, हे तुमच्या शेजारच्या एखाद्या काकूंना विचारा. १९३० साली लक्ष्मीबाई वारल्या. भाऊरावांचे नाव सर्वांना माहीत आहे. लक्ष्मीबाईंचे नाव त्या मानाने कमी घेतले जाते, हे मला नेहमी खटकते.

पुढे भाऊरावांच्या लक्षात आले की नुसते वसतिगृह पुरणार नाही. खेड्यात राहून शिकवणारे शिक्षक हवेत. म्हणून १९३५ साली त्यांनी साताऱ्यात प्राथमिक शिक्षकांसाठी अध्यापन विद्यालय काढले. तेथे शिकलेले तरुण खेड्यापाड्यांत जाऊन शाळा चालवू लागले. शाळेला इमारत नसे. कधी देवळात, कधी चावडीत, कधी झाडाखाली वर्ग भरे. गावाने जागा द्यायची, संस्थेने शिक्षक द्यायचा आणि सरकारने अनुदान द्यायचे, अशी रीत होती. पाहता पाहता अशा शाळा पाचशेच्या वर गेल्या.

१९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. तेथे गरीब मुले काम करून शिकत, त्यांना फी नव्हती. एका धनिकाने कॉलेजला आपले नाव देण्याच्या अटीवर मोठी देणगी देऊ केली होती, असे सांगतात. पैशांची गरज असूनही भाऊरावांनी ती घेतली नाही.

आता कठीण काळ आला. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. त्यानंतरच्या दिवसांत भाऊरावांनी सरकारवर जाहीरपणे टीका केली. मुंबई सरकारला ती रुचली नाही. संस्थेचे अनुदान थांबवण्यात आले. विचार करा, शेकडो शाळा, हजारो मुले, इतके शिक्षक आणि त्यांची घरे! भाऊराव तेव्हा साठीचे होते. त्यांनी माफी मागितली असती, तर प्रश्न कदाचित लवकर सुटला असता. त्यांनी तसे केले नाही. खांद्यावर घोंगडी टाकून, काठी हातात घेऊन ते पुन्हा लोकांकडे गेले. शेतकऱ्यांनी जमेल तसे धान्य आणि पैसे दिले. संत गाडगे महाराज त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्यांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांना शाळांची स्थिती सांगितली. शेवटी अनुदान पुन्हा सुरू झाले. भाऊराव चुकले की सरकार, यावर मोठी माणसे वाद घालतील. पण त्या वादात मुलांचा काय दोष होता?

गाडगे महाराजांचे हे उपकार भाऊराव विसरले नाहीत. १९५४ साली कऱ्हाडला कॉलेज निघाले, त्याला त्यांनी गाडगे महाराजांचे नाव दिले. दुसऱ्या वर्षी साताऱ्यात माध्यमिक शिक्षकांसाठी महाविद्यालय निघाले. त्याला भारताचे पहिले शिक्षणमंत्री मौलाना आझाद यांचे नाव देण्यात आले. मौलानांचे चरित्र तुम्ही उर्दूच्या पुस्तकात वाचले असेल.

१९५९ साली भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण हा किताब दिला. मॅट्रिकही न झालेल्या या माणसाला पुणे विद्यापीठाने डी. लिट. ही पदवी दिली. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. साताऱ्यात संस्थेच्या आवारात त्यांची समाधी आहे. संस्थेच्या बोधचिन्हावर वडाचे झाड आहे. त्या वडाच्या पारंब्या आपल्या रायगड जिल्ह्यातही पोहोचल्या आहेत. पनवेलचे महात्मा फुले महाविद्यालय याच संस्थेचे आहे.