शू श्याके

शू श्याके (५ जानेवारी, १५८७ – ८ मार्च, १६४१) हे मिंग राजवटीच्या काळातील चिनी प्रवासी, भूगोलाचे अभ्यासक आणि प्रवासवर्णनकार होते. त्यांचे मूळ नाव शू होंगझू असे होते. तीस वर्षे त्यांनी चीनमधील पर्वत, नद्या व गुहा पाहून त्यांच्या तपशीलवार नोंदी केल्या. ताओ पंथीयांना पवित्र असलेल्या वुदांग पर्वताचे त्यांनी केलेले वर्णन विशेष महत्त्वाचे मानले जाते.

सुरुवातीचे जीवन

शू यांचा जन्म आजच्या ज्यांग्सू प्रांतातील ज्यांगयिन येथे एका सुखवस्तू घराण्यात झाला. राजसेवेच्या परीक्षांकडे पाठ फिरवून ते भूगोल व इतिहासाच्या ग्रंथांत रमले. मातापिता हयात असताना मुलाने दूरदेशी जाऊ नये, असा कन्फ्यूशियन संकेत होता. वडिलांच्या निधनानंतर आईला एकटे सोडून जाण्यास शू यांचे मन धजेना. तेव्हा आईनेच त्यांना प्रोत्साहन दिले आणि प्रवासासाठी स्वतः टोपी तयार करून दिली. त्यांच्या उपलब्ध रोजनिशीतील पहिली नोंद १९ मे, १६१३ या दिवसाची आहे.

वुदांगची यात्रा

१६२३ साली शू यांनी सोंगशान व ह्वाशान हे पर्वत पाहून आजच्या हूपै प्रांतातील वुदांग गाठला. हा पर्वत चेनवू या देवतेचे स्थान मानला जातो. सम्राट युंगलो याने १४१२ पासून येथे मोठी मंदिरे उभारली. १,६१२ मीटर उंचीच्या त्यांच्या मुख्य शिखरावर सोन्याचा मुलामा दिलेले कांस्याचे सुवर्णमंदिर १४१६ साली उभे राहिले.

शू यांचे लक्ष केवळ मंदिरांकडे नव्हते. ह्वाशानच्या पायथ्याशी कातळामुळे मोठे वृक्ष नव्हते. वुदांगभोवती मात्र तीन माणसांच्या कवेत मावतील असे जुने वृक्ष दाटलेले होते. राजाज्ञेने वृक्षतोडीस बंदी असल्यामुळे हे वन टिकले, असे कारण त्यांनी नोंदवले. एकाच ऋतूत कोठे जर्दाळू फुललेला, तर कोठे दरीत बर्फ साचलेला, हा फरकही त्यांनी टिपला.

चेनवूने तपश्चर्येच्या काळात एका झाडावर अलुबुखाराची फांदी खोचली आणि सिद्धी मिळताच तिला फळे धरली, अशी तेथे आख्यायिका आहे. ही फळे राजदरबारी नजराणा म्हणून जात. त्यामुळे ती परक्यास देण्यास पुजारी घाबरत. शू यांनी वारंवार विनवणी केल्यावर काही पुजाऱ्यांनी गुपचूप थोडी फळे दिली. वसंतातील पितृस्मरणाचा छिंगमिंग सण आल्याचे आठवताच ते परतीला निघाले आणि चोवीस दिवसांनी घरी पोहोचून त्यांनी ती फळे दीर्घायुष्याची भेट म्हणून वृद्ध आईस अर्पण केली. १६२५ साली आईचे निधन झाले.

अखेरचा प्रवास

१६३६ साली ते जिंगवेन नावाच्या बौद्ध भिक्षूसह नैर्ऋत्य चीनकडे निघाले. वाटेत दरोडेखोरांनी त्यांना लुटले. जिंगवेन वारल्यावर त्यांच्या अस्थी शू यांनी युन्नानमधील जीझू पर्वतापर्यंत नेऊन तेथे पुरल्या. या प्रवासात त्यांनी चुनखडीच्या प्रदेशातील शंभराहून अधिक गुहांची पाहणी केली. मिन नव्हे, तर जिन्शा नदी हाच यांगत्सेचा मूळ प्रवाह आहे, असेही त्यांनी प्रतिपादन केले. पायांच्या विकाराने चालणे अशक्य झाल्यावर १६४० साली त्यांना पालखीतून घरी आणण्यात आले. पुढील वर्षी त्यांचे निधन झाले.

वारसा

शू यांच्या मृत्यूनंतर युद्धाच्या धामधुमीत त्यांच्या हस्तलिखितांचा काही भाग नष्ट झाला. उरलेली रोजनिशी १७७६ साली छापली गेली. तिच्यात सुमारे सहा लाख चिनी अक्षरे आहेत. वुदांगमधील प्राचीन वास्तुसमूहाचा १९९४ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. रोजनिशीतील पहिल्या नोंदीच्या स्मरणार्थ २०११ पासून १९ मे हा चीनमध्ये पर्यटन दिन म्हणून पाळला जातो.